पोरांना सुमेर, बाबिलोन, असिरिया शिकवायचंय, पण पहिलाच तास पडला. काय करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळच्या एका गावात राहते, गावातल्या वाचनालयात दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत पोरांसाठी दीड तासाचा वर्ग घेते, फी वगैरे काही नाही, हौस म्हणून. चौथी ते सातवीची चौदा पोरं येतात. मागच्या वर्षी गडकिल्ले आणि मोडी लिपी घेतली होती, पोरं घरी जायला तयार नसायची इतकं रंगलं. म्हणून यंदा जरा धाडस केलं आणि मेसोपोटेमिया घेतला, म्हणजे आजच्या इराकाकडची जुनी संस्कृती, सुमेर, बाबिलोन, असिरिया असं सगळं. पाचवीच्या परिसर अभ्यासात हे नाव येऊन जातं पण येतं आणि जातं, एवढंच. मला स्वतःला हा विषय लई आवडतो म्हणून वाटलं पोरांनाही आवडेल.

तर पहिल्या दिवशी बत्तीस स्लाइडचं पीपीटी केलेलं. मेसोपोटेमिया हा शब्द ऐकूनच पोरं "पोट" "पोट" करत पोट धरून हसली, इथपर्यंत बरं होतं. मग झिग्गुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा देवळाचा बुरुज, दाखवला, उर शहरातला, चंद्रदेव नन्नाचा, इ.स.पू. २१०० च्या सुमाराला उर-नम्मू राजानं बांधायला घेतलेला, मी मोठ्या उत्साहात सांगतेय आणि मागच्या रांगेतला एक झोपलाय, दोघी एकमेकींच्या वेण्या घालतायत. शेवटी सहावीतल्या एकानं विचारलं, "बाई, पण ह्याचं आपल्याला काय?" उद्धटपणानं नाही हो, अगदी मनापासून विचारलं त्यानं. आणि मला उत्तर सुचलं नाही. "जगातली पहिली संस्कृती आहे बाळा" असं काहीतरी बोलले, ते मलाच पटलं नाही.

अजून सात तास आहेत. दोन अडचणी आणखी आहेत. एक म्हणजे असिरियन लोकांची शिल्पं बघितली तर निम्मी माणसं मारण्याचीच आहेत, ती या वयाच्या पोरांना दाखवायची का? आणि दुसरं, एका पालकांनी ग्रुपवर मेसेज टाकलाय की सुमेर म्हणजे आपला सुमेरू आणि असिरियन म्हणजे आपले असुर, हेही शिकवा. मी अजून काही बोलले नाही. कोणी मुलांबरोबर हे केलं असेल तर सांगा प्लीज.

बोरू_आणि_दौत

ताई, पहिलं काम म्हणजे ते पीपीटी बंद करा आणि कुंभाराकडून पाच किलो माती आणा. शाडू मिळाली तरी चालेल, पण कुंभाराची चांगली, तिला चिकटपणा असतो.

तुम्ही मोडी शिकवलीत म्हणजे घरात बोरू असणारच. सुमेरी लोकांची लेखणी पण बोरूच, नदीकाठच्या वेताची-बोरूची काडी, फक्त शाई नाही आणि ओढायची नाही, ओल्या मातीत टेकवायची. टोक तिरकं कापण्याऐवजी कोपरा राहील असं कापा. तो कोपरा मातीत दाबला की एका बाजूला रुंद नि दुसरीकडं निमुळती अशी खूण उठते, पाचर ठोकल्यासारखी. म्हणून तर आपण कीलाकार लिपी म्हणतो ना. बोरू कमी पडले तर आईस्क्रीमच्या चपट्या काडीचा कोपरा वापरा, तेवढंच छान उमटतं, मी करून बघितलंय माझ्या भाचरांबरोबर.

आणि राजापासून सुरुवात करू नका. हे लोक लिहायला शिकले ते देवाच्या स्तोत्रासाठी नाही की राजाच्या पराक्रमासाठी नाही, हिशोबासाठी. उरुक शहरात इ.स.पू. ३२०० च्या आसपासच्या ज्या सगळ्यात जुन्या पाट्या सापडल्यात त्यातल्या बहुतेकांवर जव किती आला, मेंढरं किती, कुणाला किती बिअर द्यायची असलंच आहे. म्हणजे आपल्या भाषेत खतावणी! त्याच्याही आधी हजारो वर्षं मातीचे छोटे गोळे, शंकू, चकत्या वापरायचे मोजायला, एक गोळा म्हणजे इतकं धान्य असं. पुढं ते गोळे मातीच्या पोकळ चेंडूत घालून तोंड बंद करायला लागले, म्हणजे वाटेत कुणी हात मारायला नको. मग बाहेरून कळावं म्हणून चेंडूवरच आतल्या गोळ्यांचे ठसे उमटवले, आणि एक मत असं आहे की मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे बाहेरच सगळं दिसतंय तर आत गोळे घालायचे कशाला, चेंडू चपटा केला की झाली पाटी. लिपी अशी जन्मली की आणखी कशी यावर वाद आहेत पण पोरांना हा खेळ करायला द्या. चिंचोके घ्या, सात चिंचोके मातीच्या गोळ्यात बंद करा, बाहेर सात खुणा करा, दुसऱ्या गटाला द्या. एकजण तरी लबाडी करून आत सहाच घालणार. तिथंच तास रंगतो.

आकडे तर एकदम सोपे. उभी पाचर म्हणजे एक, आडवा कोपरा म्हणजे दहा. तेवीस म्हणजे दोन कोपरे तीन पाचरी. साठ झाले की परत उभी पाचर, कारण त्यांची मोजणी साठाची. आपल्या घड्याळात साठ मिनिटं आणि वर्तुळात ३६० अंश त्यांच्यामुळंच. साठ कुठून आला याचा एक अंदाज असा की अंगठ्यानं चार बोटांची पेरं मोजली की बारा होतात आणि दुसऱ्या हाताच्या पाच बोटांवर बारा-बारा मोजले की साठ. आपल्या आज्या अजून पेरांवरच मोजतात की. पोरांना सांगा घरी जाऊन आजीला विचारा.

आणि ती ए-नासिरची पाटी सांगितल्याशिवाय सोडू नका. इ.स.पू. १७५० च्या आसपास उर गावात हा ए-नासिर तांब्याचा व्यापारी, समुद्रापलीकडून दिल्मुनमधून, म्हणजे आजच्या बहरीनच्या बाजूनं, तांबं आणायचा. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकानं त्याला खरमरीत तक्रार लिहिलीय, चांगल्या लगडी देतो म्हणालास आणि माझ्या माणसापुढं भिकार माल टाकलास, घ्यायचा तर घे नाहीतर चालू पड म्हणालास, मला काय समजलास तू, असल्या टोनमध्ये. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पोरांना म्हणावं तुम्हाला कुणी खराब माल दिलाय? लिहा तक्रार मातीवर.

आठवीची_आई

यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ आहेत, तेच लावा, एवढा खटाटोप कशाला. आमच्या मुलीनं तसंच केलं.

कृष्णाकाठची

बोरू दादा, चिंचोक्यांचं भारीच. उद्याच माती सांगते कुंभारांना. आठवीची आई, व्हिडिओ लावून बघितला ताई, वाचनालयात नेट असं आहे की गोल फिरत बसतंय, आणि तेवढ्यात पोरं बाहेर आंब्याखाली.

पाटकरी

मी वाळवा तालुक्यातला, शेती करतो, शिक्षक नाही पण हे वाचून राहवेना. ताई तुमच्या त्या पोरानं विचारलं ना ह्याचं आपल्याला काय, त्याला माझ्या रानात घेऊन या.

मेसोपोटेमिया म्हणजे दोन नद्यांच्या मधला मुलूख, तैग्रिस आणि युफ्रेटिस. आमचा तालुका काय हाय मग? इकडं कृष्णा तिकडं वारणा, मधी आम्ही. हरिपूरला दोन्ही मिळतात तिथं पोरांना उभं करा आणि सांगा की असंच, फक्त मोठं, आणि पाऊस जवळजवळ नाहीच. दक्षिणेला सुमेरमधी पावसावर शेती होतच नव्हती, सगळं पाटाचं पाणी. म्हंजे पाट काढायचा, बांध घालायचा, गाळ उपसायचा, पाळी कुणाची ते ठरवायचं, आणि भांडणं. भांडणं आली की कायदा आला. हम्मुराबी, बाबिलोनचा राजा, इ.स.पू. १७९२ ते १७५० राज्य केलं त्यानं, त्याचा तो काळ्या दगडाचा खांब, सव्वादोन मीटर उंच, २८२ कायदे म्हणून मोजतात, फ्रेंच लोकांना १९०१-०२ ला इराणात सूसाला सापडला आणि आता पॅरिसात लूव्हर संग्रहालयात हाय. सगळे त्यातलं डोळ्याला डोळा तेवढंच सांगतात. ५३ वा कायदा बघा. एखाद्यानं आळशीपणा करून आपला बांध मजबूत ठेवला नाही, बांध फुटला आणि पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं, तर ज्याचा बांध फुटला त्यानं बुडालेलं धान्य भरून द्यायचं. आणि ५४ वा, देता येत नसंल तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकायचं आणि ज्यांचं रान बुडालं त्यांनी पैसा वाटून घ्यायचा. माणसालाच विकायचं! हे मी आमच्या बांधाशेजारच्या भाऊबंदाला वाचून दाखवलं, तवापासून दोन आठवडे पाट नीट बंद करतोय.

आता खरी गोष्ट. आमच्या भागात कृष्णाकाठी किती जमीन क्षारपड झालीय तुम्हाला माहिती हाय. उसाला पाणी सोडायचं आणि मोटर बंद करायला विसरायचं, निचरा नाही, काळी भारी जमीन, पाण्याची पातळी वर येती, पाणी उडून जातंय आणि मीठ वर ऱ्हातंय. माझ्या आज्याच्या वेळेला जिथं ऊस मावत नव्हता तिथं आता दीड एकर पांढरं फटक पडलंय, उन्हाळ्यात बघितलं तर चुना शिंपडल्यावानी दिसतंय, जिभेला लावलं तर खारट. आता चर काढून सच्छिद्र पाइप घातलेत, खर्च विचारू नका.

तर सुमेरमधी पण हेच झालं. त्यांच्याही पाण्यात क्षार, जमीन सपाट, निचरा कमी, आणि कडक ऊन. गहू खारट जमिनीला टिकत नाही, जव टिकतो, म्हणून हळूहळू गहू कमी होत गेला आणि जवच जव राहिला. किती झालं, कधी झालं आणि त्यानंच सुमेर खाली आलं का यावर अभ्यासकांची भांडणं हायत, पण क्षार होते यात वाद नाही. अत्राहसिसची म्हणून त्यांची एक जुनी कथा हाय, त्यात देव कोपल्यावर काय होतं तर काळी रानं पांढरी पडली आणि माळावर मीठ आलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तवा पुस्तक मिटून ठेवलं. साडेतीन हजार वर्षांच्या वर झाली त्या ओळीला आणि माझं रान लिहिलंय त्यात.

पोरांना घेऊन या. मिठाची ढेकळं हातात देतो. येताना टोप्या घाला, ऊन लई हाय.

सातारकर_मास्तर

पाटकऱ्यांनी माझं निम्मं काम केलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, साताऱ्याला असतो. गोष्टीशिवाय इतिहास सांगू नये, हा चौतीस वर्षांचा अनुभव. आणि गोष्ट अशी हवी की पोर मध्येच म्हणालं पाहिजे, "गुरुजी, ही मला माहितीय!"

फळ्यावर काही न लिहिता सांगायला सुरुवात करा. एक बाई होती, मंदिरातली मोठी पुजारीण. तिला गुपचूप मूल झालं. तिनं काय केलं, वेताची टोपली घेतली, डांबरानं तिच्या फटी बुजवल्या, बाळ आत ठेवलं आणि नदीत सोडून दिलं. इथपर्यंत येईतो चौदातली दहा पोरं ओरडतील, "कर्ण!" ओरडू द्या. मग सांगा, नाही, सार्गोन. अधिरथाच्या जागी अक्की नावाचा पाणक्या, त्यानं टोपली बाहेर काढली, पोर वाढवलं, माळीकाम शिकवलं, आणि तोच पुढं इ.स.पू. २३३४ च्या सुमाराला अक्कडचा राजा झाला, सुमेरची भांडत बसलेली शहरं एका छत्राखाली आणली. ही जन्मकथा आपल्याला मिळते ती त्याच्यानंतर दीडएक हजार वर्षांनी लिहिलेल्या पाट्यांवर, तेव्हा खरी किती हे सोडून द्या. पण पोरांना विचारा, मोठ्या माणसाच्या जन्माच्या गोष्टी अशाच का रचतात लोक? मला एका मुलीनं उत्तर दिलं होतं, "राजाचा मुलगा नव्हता ना, मग लोकांना सांगायला काहीतरी पाहिजे." सातवीतली मुलगी. मी आजही विसरलो नाही.

त्याच सार्गोनची लेक एनहेदुआना, उरच्या चंद्रमंदिराची मुख्य पुजारीण, तिनं स्तोत्रं रचली म्हणतात, आणि जगात नावानिशी माहीत असलेली पहिली रचनाकार म्हणून तिचंच नाव घेतात. मुलींना हे आवर्जून सांगा, वेण्या घालायच्या थांबतील.

दुसरी गोष्ट शाळेची. त्यांच्या शाळेला एदुब्बा म्हणायचे, पाट्यांचं घर. एका सुमेरी विद्यार्थ्याची दिनचर्या लिहिलेली सापडली आहे, आई त्याला डब्याला दोन पाव देते, तो शाळेत जातो, आणि दिवसभर मार खातो. उशीर झाला मार, बोलला मार, परवानगीशिवाय उठला मार, अक्षर वाईट मार. शेवटी पोरगं बापाला म्हणतं, गुरुजींना घरी जेवायला बोलवा. बाप बोलावतो, जेवू घालतो, नवं वस्त्र देतो, बोटात अंगठी घालतो, आणि गुरुजी एकदम प्रसन्न! म्हणतात हा मुलगा फार पुढं जाणार. (माझ्या नोकरीत मला असं कोणी जेवायला बोलावलं नाही, नोंद घ्यावी.) पोरांच्या सरावाच्या पाट्याही मिळाल्यात, पुरणाचा उंडा चपटा करावा तशा गोल, हातात मावतील एवढ्या. गुरुजींनी वर ओळ घालून द्यायची, पोरानं खाली गिरवायची. काही पोरांचं अक्षर इतकं गचाळ आहे की बघून जीव सुखावतो.

असिरियन क्रूरतेचं विचारलंत. माझं मत, लपवू नका पण ती चित्रं भिंतीवर लावू नका. कातडी सोलल्याची शिल्पं ते राजवाड्यात मुद्दाम लावत, आलेल्या वकिलानं बघून घाबरावं म्हणून, एवढं वाक्य सहावी-सातवीला पुरतं. मग लगेच सेन्नाचेरीब दाखवा. हा असिरियाचा राजा, राजधानी निनेवे, चढाया केल्या, बाबिलोन उद्ध्वस्त केलं, आणि याच माणसानं लांब डोंगरातून कालवे काढून निनेवेला पाणी आणलं. जेरवान गावाजवळ ओढा आडवा आला तर त्यावरून दगडी पूल बांधून पाणी नेलं, इ.स.पू. ७०० च्या आसपास, २८० मीटरच्या जवळपास लांब, वीस लाखांवर दगड लागले असा अंदाज आहे. रोमन लोकांच्या कितीतरी आधी. तुमच्याकडची पोरं म्हैसाळ, ताकारी, टेंभू ही उपसा सिंचन योजनांची नावं दुधाबरोबर पितात, त्यांना विचारा विजेच्या मोटारी नसताना पाणी कसं नेलं असेल. उतार! फूटपट्टी आणि पन्हाळीचा तुकडा घेऊन करून बघा.

आणि शक्य झालं तर कधीतरी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्या, तिथं असिरियन राजवाड्यातली खरी शिल्पं आहेत. निमरूद या असिरियन शहराच्या खोदकामातल्या पेट्या बसऱ्याहून बोटीनं मुंबईमार्गेच इंग्लंडला जात होत्या.

एक राहिलं. गधेगाळ माहिती आहे ना? जमीन दान दिल्याचा दगड, वर चंद्रसूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेतो हे दान टिकेल, आणि जो मोडेल त्याला शिवी. बाबिलोनमध्येही असेच दगड आहेत, कुदुर्रू म्हणतात. वर चंद्रकोर, सूर्य, चांदणी, खाली कुणाला किती जमीन दिली ते, आणि मोडणाऱ्याला देवांचे शाप, वंश बुडो, पाणी न मिळो असे. फरक एवढाच की ते दगड बहुधा देवळात ठेवत, बांधावर नाही. मुलांना आपल्या दगडाचा चंद्रसूर्य दाखवा, खालचा भाग दाखवू नका. कारण ज्यांना माहिती आहे त्यांना माहिती आहे.

सह्यपुत्र

एवढं सगळं लांबलचक लिहिलं पण मूळ मुद्दा कुणीच बोललं नाही. सुमेर हा शब्दच सुमेरू पर्वतावरून आला आहे आणि असिरिया म्हणजे असुर. आपल्याकडूनच गेलेत हे लोक. मुलांना हे सांगायला लाज कसली?

बोरू_आणि_दौत

सह्यपुत्र, लाज नाही हो, पण दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणजे नातं लागत नाही, नाहीतर मेसोपोटेमियात "पोट" आहेच. सुमेरी लोक आपल्या देशाला सुमेर म्हणतच नव्हते, ते म्हणायचे कि-एन-गिर, आणि स्वतःला म्हणायचे काळ्या डोक्याची माणसं. सुमेर हे उत्तरेकडच्या अक्कडी लोकांनी दिलेलं नाव. आणि सुमेरी भाषेचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं जुळत नाही, ना संस्कृतशी ना तमिळशी ना अरबीशी, एकटीच आहे बिचारी. अश्शूर हे तैग्रिसकाठच्या शहराचं आणि त्याच शहराच्या देवाचं नाव, आणि आपल्या असुरचा भाऊ बघायचा तर पारशांच्या अवेस्तातला अहुर.

पण खरं नातं आहे की, आणि ते जास्त भारी आहे. सार्गोननं बढाई मारलीय की मेलुह्हा, मागान (आजच्या ओमानची बाजू) आणि दिल्मुनची जहाजं माझ्या अक्कडच्या धक्क्याला लागतात. हे मेलुह्हा म्हणजे सिंधू खोऱ्याचा, हडप्पावाल्यांचा मुलूख असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिंधूच्या मुद्रा उरला सापडल्यात, आपल्या बाजूचे लाल अकीकाचे मणी तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडलेत. आणि लूव्हरमध्ये एक इवलासा दंडगोल शिक्का आहे, ओल्या मातीवर लाटून ठसा उमटवायचा, शू-इलिशू नावाच्या माणसाचा, त्यावर त्याचा हुद्दा लिहिलाय, मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा! म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी त्या गावात एक माणूस होता ज्याला हडप्पाची भाषा येत होती. आपल्याला आज एक अक्षर वाचता येत नाही. ताई, पोरांना हे सांगाच.

आणि उलट्या बाजूनं आलेलं पण सांगा. बारा राशी बाबिलोनच्या आकाशात ठरल्या, ग्रीकांनी उचलल्या आणि तिकडून आपल्याकडं आल्या. वराहमिहिरानं राशींची नावं देताना क्रिय, ताबुरि, जितुम अशी दिलीत, ती सरळ ग्रीक नावं आहेत. आजीला हे सांगायची जबाबदारी माझी नाही.

सह्यपुत्र

दुभाष्याचं माहिती नव्हतं. राशींचं पटलं नाही. वाचतो.

पाटकरी

ते प्रलयाचं कुणी बोलंना. त्यांच्या गिल्गमेश राजाच्या जुन्या गोष्टीतला पूर. आमच्या पोरांना पूर सांगायला लागत नाही.

कृष्णाकाठची

मंडळी, सगळ्यांचे आभार, काय काय झालं ते लिहिते, जरा मोठं होणार.

माती तासात काम सुरू व्हायच्या आधीच तिघांनी एकमेकांच्या तोंडाला फासली. चिंचोक्यांची लबाडी झालीच, बोरू दादांनी सांगितल्यापेक्षा पुढं, एका गटानं आत चिंचोक्याऐवजी खडे घातलेले. मग दुसऱ्या गटानं म्हणलं शिक्का पाहिजे, मग एकानं शर्टाचं बटण दाबलं मातीत. मी काहीच सांगितलं नव्हतं हो! दंडगोल शिक्क्याचं त्यानंतर सांगितलं, तर बटणवाला म्हणाला म्हणजे माझंच चोरलं त्यांनी.

तक्रारींच्या पाट्या भन्नाट. ए-नासिर तर आता आमच्या वर्गात शिवी झालीय, कुणी पेन घेऊन परत दिलं नाही की "ए-नासिर!" एका पाटीवर नुसता कुल्फीचा आकार आणि त्यावर फुली, खाली पाच पाचरी. पाच रुपये घेतले आणि कुल्फी काडीवरून पडली, असा अर्थ.

पाट्या सावलीत वाळत घातलेल्या. मी निनेवेची गोष्ट सांगून बसले होते, की अश्शुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहात तीस हजारांच्या घरात पाट्या आणि तुकडे सापडले, आणि इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूनं शहर जाळलं तेव्हा कागद असता तर राख झाली असती, पण माती उलट भाजून पक्की झाली. हे ऐकून चौथीतल्या एकानं आपली पाटी घरी नेऊन आजीच्या चुलीत टाकली. अर्धवट ओली. आजी म्हणे सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज आला, भाकरी उडाली. मला फोन आला. आता नियम केलाय, आठ दिवस वाळल्याशिवाय कुणी निनेवे जाळायचं नाही.

पाटकरी काका, तुमच्या रानातनं आल्यापासून पोरं मीठ कागदात बांधून फिरतायत. हम्मुराबीचा ५४ वा कायदा सांगितला तर दोन तट पडले, माणूस विकायचा म्हणजे काय, आणि त्याच्या बायकोपोरांनी काय केलं? मग मी त्यांना सांगितलं की डोळ्याला डोळा पण सगळ्यांना सारखा नव्हता, बड्या माणसाचा डोळा फोडला तर डोळा, साध्या माणसाचा फोडला तर एक मिना, म्हणजे साधारण अर्धा किलो, चांदी, आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे पैसे मालकाला. वर्ग एकदम गप्प झाला. पुढं मी काही बोलले नाही.

पुराचं जपून केलं. आमच्या गावात २०१९ ला पाणी शिरलं होतं, तिकडं सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ५७ फुटांच्या वर गेलं होतं, यातली मोठी पोरं तेव्हा चार-पाच वर्षांची, काहींना आठवतंय. गिल्गमेशमधला उत्नपिश्तिम नाव बांधतो, जनावरं चढवतो, सहा दिवस सात रात्री वादळ, मग पाणी उतरलं का बघायला आधी कबूतर सोडतो, ते परत येतं, मग पाकोळी, ती परत येते, मग कावळा, तो येत नाही. मनू आणि माशाची गोष्ट अर्ध्यांना माहिती होती. मी विचारलं आपल्याकडं पाणी उतरलं हे कसं कळलं, तर एकजण म्हणाली, "पप्पा रोज भिंतीवर खडूनं रेघ मारायचे." दुसरी म्हणाली आमची म्हैस आधी गेली मग आम्ही गेलो. मग बराच वेळ पोरंच बोलत होती आणि मी ऐकत होते.

मास्तर, सार्गोनला "कर्ण" म्हणून चौदातली तेरा ओरडली. फक्त एक "कृष्ण" म्हणाला, त्याला बाकीच्यांनी बसवलं.

आता त्या "ह्याचं आपल्याला काय" वाल्याचं. मी घरातली कुठलीही हिशोबाची चिठ्ठी आणायला सांगितली होती, लाइट बिल, रेशन, काहीही. हा आजोबांची दूध डेअरीची चिठ्ठी घेऊन आला, सकाळची, म्हशीचं दूध साडेचार लिटर. बसला मातीवर लिहायला. चार पाचरी झाल्या, अर्धा कसा लिहू म्हणाला. मी अडकले. बोरू दादांना फोटो पाठवला तर त्यांनी सांगितलं, साठाची मोजणी आहे ना, मग अर्धा म्हणजे साठातले तीस, चार पाचरी आणि जरा जागा सोडून तीन कोपरे, पुढचा आकडा पूर्ण की अपूर्ण ते वाचणाऱ्यानं संदर्भानं ओळखायचं. त्यानं केलं. वाळवलं, घरी नेलं, आजोबांना दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः वाचनालयात हजर, पाटी टोपीत ठेवलेली. म्हणाले, "बाई, लिटर कळलं. पण ह्यात फॅट कुठं लिहिलीय? फॅट नसंल तर डेअरीवाला पैसे देतोय व्हय?" फॅट होती ६.४. पोरांनी फळ्यावर मांडलं, चार दशांश म्हणजे साठातले किती, भांडून भांडून चोवीस आलं. सहा पाचरी, जागा, दोन कोपरे, चार पाचरी. आजोबांनी बोटानं एकेक खूण चाचपून मोजली, मग चष्मा वर करून म्हणाले बरोबर हाय, आता एसएनएफ.

एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, ८.९ होतं. ते उद्या करणार आहोत.